अर्ध्या मैलावरचा माणूस

वस्तरा खुर्चीच्या हातावर न ठेवता गुस्तावने तो पलीकडच्या फळीवर ठेवला. एवढेच झाले. गेली अकरा वर्षे ओरिन हस्केल महिन्यातून एकदा डोंगरातल्या आपल्या रँचवरून ड्राय फोर्क गावात उतरत होता, या खुर्चीत बसत होता, आणि गुस्ताव साबणाचा फेस घोटताना वस्तरा खुर्चीच्या रुंद लाकडी हातावर, ओरिनच्या मनगटाला जवळजवळ लागून ठेवत होता. आज तो फळीवर होता. हात पूर्ण लांब केला तरी चार बोटे कमी पडतील इतक्या अंतरावर. गुस्तावने हे ठरवून केले नसावे. ठरवले असते तर त्याने काहीतरी बोलून ते झाकले असते, हवेबद्दल किंवा नव्या रेल्वे फाट्याबद्दल. हाताने ते परस्पर केले होते. ओरिनला वाटले, शेरीफने येऊन सांगितले तेव्हा आपल्याला राग आला होता, पण विश्वास बसला नव्हता. विश्वास आत्ता बसला. गावाने आपल्याला माणसाच्या पाठीत गोळी घालणारा म्हणून स्वीकारले आहे, आणि ही गोष्ट आता लोकांच्या तोंडातून त्यांच्या हातांपर्यंत उतरली आहे.

"मान वर करा," गुस्ताव म्हणाला.

"तुलाही तसंच वाटतं का रे?"

"कसं?"

"बिग्जला मी गोळी घातली असं."

गुस्तावने पट्ट्यावर वस्तरा दोनदा ओढला. "मला काय वाटायचंय, हस्केल. मी दाढ्या करणारा माणूस. पण ॲन्सल प्रूइट खोटं बोलत नाही, एवढं मला ठाऊक आहे."

"ते मलाही ठाऊक आहे."

आणि अडचण तीच होती. ॲन्सल लबाड असता तर काम सोपे होते. पण ॲन्सल त्याचा शेजारी होता, त्याच्या कुरणाला लागून ॲन्सलचे कुरण होते, आणि एकोणीस वर्षांत ॲन्सलने एक वासरूदेखील चुकून आपली खूण डागून आपले म्हटले नव्हते. नऊ दिवसांपूर्वी दुपारी, गारांचा पाऊस बर्फात मिसळून तिरका पडत असताना, बिग्ज नावाचा, ओरिनचा झरा हवा असलेल्या कंपनीचा मोजणीदार झऱ्याच्या वरच्या टेकाडावर कुंपणाचे खुंट ठोकत होता. मागून गोळी आली आणि मणक्याशी अडकली. तो आता डॉक्टरच्या मागच्या खोलीत पालथा पडला आहे, जगेल म्हणतात, पाय हलणार नाहीत म्हणतात, आणि गोळी घालणाऱ्याला त्याने पाहिलेले नाही. पाहिले ते ॲन्सलने. गोळीचा आवाज ऐकून त्याने वर पाहिले आणि त्याला ओरिन हस्केल उतारावरून घोडा भरधाव काढताना दिसला. हे त्याने शेरीफला सांगितले, आणि सांगताना तो रडला, असे शेरीफच म्हणाला होता.

फेस थंड होता. ओरिनने डोळे मिटले आणि त्याला ते पुन्हा दिसले. शेरीफ येऊन गेल्यापासून हेच त्याला सगळ्यात जास्त छळत होते. मिटलेल्या डोळ्यांपुढे तो उतार यायचा, पांढरा तिरका पाऊस, आणि त्यातून खाली धावणारा त्याचा काळा घोडा बिशप, अर्धे तोंड पांढरे, छातीवर पाद्र्याच्या गळपट्टीसारखा पांढरा पट्टा. आणि त्यावर पिवळ्या मेणकापडी कोटात वाकलेला तो स्वतः. तो तिथे नव्हता. त्या दुपारी तो बारा मैलांवर वरच्या रानात, घोड्यांची दुसरी जोडी आणि गाडी घेऊन कुंपणाच्या मेढी तोडत होता आणि त्याच्या आसपास एक कावळादेखील नव्हता. तरी चित्र यायचे, आणि दर वेळी जरा जास्त रेखीव यायचे. त्याने स्वतःला बजावले होते की हे आठवणे नव्हे. आठवण असती तर घोड्याचे कान दिसले असते, हातातला लगाम दिसला असता. स्वतःला कुणी लांबून, बाजूने आठवत नाही. हे ॲन्सलचे पाहणे आहे, ते आपल्या डोक्यात येऊन राहिले आहे. पण हा पुरावा फक्त त्याच्यापुरता होता. न्यायाधीशापुढे उभे राहून माझ्या चित्रात घोड्याचे कान नाहीत असे सांगता येत नाही.

खरे काय झाले ते सांगण्यासारखे इतके साधे होते की त्याने ते तेव्हा कुणाला सांगितलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रानातून परतला तेव्हा घोड्यांच्या आवारात एक अनोळखी तांबडा घोडा तीन पायांवर उभा होता. बिशप नव्हता. खुंटीवरचा पिवळा कोट नव्हता. टेबलावर ताटली धुऊन पालथी घातलेली होती, तिच्यावर पेला, आणि चुलीजवळ येणाऱ्याने जाळली असतील त्यापेक्षा जास्त लाकडे फोडून रचलेली. ढलप्या बारीक आणि सारख्या होत्या. ओरिनला आठवत होते की त्याने मनात म्हटले, गडी आपल्यापेक्षा बरा फोडतो. कुणीतरी आले होते, घोडा लंगडा झाला होता, पुढे जायचे होते. डोंगराकडच्या कुठल्याही घराचे दार माणूस असो नसो लोटलेलेच असते. खा, ऊब घे, घोडा बदल, कोट घे, भांडी धुऊन ठेव, जमेल तेव्हा परत आणून सोड. नाव विचारायचे नसते, चिठ्ठी ठेवायची नसते. त्याने तांबड्याच्या पायाला तेल चोळले आणि फडके बांधले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो झऱ्यावर बर्फ फोडत असताना तो अनोळखी माणूस येऊन घोडा बदलून गेला. परत आला तेव्हा बिशप आवारात उभा होता, घाम पुसलेला, आणि कोट खुंटीवर ओला टपकत होता. तांबडा गेला होता. फडके गुंडाळी करून कठड्यावर ठेवलेले होते. इतकेच. बिग्जला गोळी लागल्याचे त्याला कळले ते आणखी दोन दिवसांनी, शेरीफ टोबायस दारात येऊन उभा राहिला तेव्हा.

"ओरिन, चहा टाक. मग तुला अटक करतो," टोबायस म्हणाला होता. चहा पिऊन झाल्यावर त्याने अटक केली, आणि लगेच सोडलेही, कारण गावच्या कोठडीचे छप्पर गळत होते. "गुरुवारी दहाला ये. येशील ना?"

"कुठे जाणार?"

"तेच म्हटलं मी त्यांना. हा कुठे जाणार." मग जरा थांबून, कपाकडे बघत, "तू दुकानात बोलला होतास ना रे? भर दुकानात. झऱ्याच्या वर खुंट ठोकलास तर गोळी घालीन, असं."

"बोललो होतो."

"कशाला बोललास?"

"कारण तो ठोकणार होता."

दाढी झाली. ओरिनने टॉवेलने तोंड पुसले आणि आरशात न बघता उठला. आरसा त्याने कधीच पाहिला नव्हता म्हटले तरी चालेल. घरी एक फुटका तुकडा होता, तो गेल्या कुठल्याशा हिवाळ्यात जमिनीवर पडला आणि मग तिथेच राहिला. बाहेर रस्त्यावर गोठलेल्या चिखलात चाकोऱ्या उमटल्या होत्या. खानावळीच्या पायरीवर त्याचा वकील फेंटन वाट पाहत होता. शायेनहून आलेला, तिशीच्या आतला, हातमोजे घातलेला पोरगेलासा माणूस. न्यायालयाने दिलेला.

"हस्केल, पाच मिनिटं बसा. मी रात्रभर विचार केलाय."

"एवढा कशाला."

"ऐका. तुमचा घोडा चोरीला गेला. झालं. एवढं एक वाक्य तुम्ही शपथेवर म्हणा. घोडाचोराने गोळी घातली. न्यायाधीश पूर्वेकडून आलेत, तीन महिने झाले नाहीत. दार उघडं, घोडा घेऊन जा, कोट घेऊन जा, हे त्यांना कळणार नाही. चोर कळतो. चोर सगळ्या देशात कळतो."

"चोरीला गेला नाही तो."

"तुम्हाला न विचारता नेला ना?"

"मी घरी नव्हतो."

फेंटनने हातमोजा काढला, पुन्हा घातला. "चौदा वर्षं, हस्केल. तुम्ही एकसष्टचे आहात. तुरुंगातून तुम्ही बाहेर येणार नाही. आणि कंपनीचे स्ट्राउडसाहेब काल मला भेटले. झरा कंपनीला विकून तुम्ही नेब्रास्कात जाणार असाल तर ते तक्रार सैल करायला तयार आहेत, असं त्यांनी सुचवलं. सुचवलं म्हणजे, सरळ म्हणाले नाहीत."

"मग मीही सरळ म्हणत नाही, पण तू त्यांना जाऊन सांग."

"काय सांगू?"

"नाही म्हणून."

तो पुढे चालू लागला आणि चालताना त्याच्या मनात ते वाक्य फिरत राहिले, घोडा चोरीला गेला, एवढेसे वाक्य, तोंडातल्या बोरासारखे. उच्चारले तर काय बिघडते. तो माणूस कोण हे त्याला माहीत नाही, तो कधीच भेटणार नाही, आणि त्याने एका माणसाच्या पाठीत गोळी घातली आहे. त्याच्यासाठी ओरिनच्या मनात दया नव्हती. पण ओरिनला ते दुसरे घर आठवले, अठरा वर्षांपूर्वीचे, विंड नदीच्या बाजूला. तो आणि ॲन्सल बर्फात चार दिवस अडकले होते, ॲन्सलचा घोडा मेला होता आणि ओरिनचा मरायला टेकला होता. घरात कुणी नव्हते. त्यांनी बीन्स उकडून खाल्ल्या, दोन घोडे घेतले, आणि नऊ दिवसांनी परत नेऊन सोडले. ते कुणाचे घर हे त्यांना आजही ठाऊक नाही. त्या नऊ दिवसांत कधीही कुणीतरी गावात जाऊन फक्त तेवढे एक वाक्य म्हटले असते तर ते दोघे पॉपलरच्या एकाच फांदीला लटकले असते. त्या काळात घोडाचोरासाठी न्यायाधीश बोलावत नसत. त्या घराच्या मालकाने ते म्हटले नाही. परतलेले घोडे पाहून त्यानेही कदाचित मनात म्हटले असेल, गड्यांनी खरारा बरा केला आहे. ओरिन जिवंत होता तो कुणीतरी एक शब्द वापरला नाही म्हणून. तो शब्द आता स्वतःसाठी वापरायचा, आणि तोही खोटा, हे त्याला जमणार नव्हते. यात त्याला काही थोर वाटत नव्हते. खिळा चुकीच्या लाकडात जात नाही तसे ते जात नव्हते.

आणि तरी, चौकशी होती त्या शाळेच्या पायऱ्या चढताना त्याला आणखी एक गोष्ट आठवली. बिग्जला गोळी लागल्याचे ऐकले तेव्हा क्षणभर, चहाचा कप हातात असताना, त्याला बरे वाटले होते. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. खुंट थांबले, असे त्याला वाटले होते. मग पाय हलत नाहीत हे ऐकले आणि ते बरे वाटणे नासले. पण ते वाटले होते. गावाला जो माणूस दिसत होता तो अगदीच हवेतून आलेला नव्हता. त्याची हाडे ओरिनकडचीच होती. तरीही त्याने ट्रिगर ओढला नव्हता. इच्छा आणि बोट यांच्यामध्ये जी जागा असते तिच्यातच माणूस राहतो, आणि ओरिन एकसष्ट वर्षे तिथेच राहिला होता, ती जागा कुणाला विकायला तो तयार नव्हता.

चौकशी शाळेच्या खोलीत होती, कारण तिच्यात शेगडी होती. न्यायाधीश व्हिटलॉक बारीक, सर्दी झालेला माणूस होता. फळ्यावर कुणीतरी लिहिलेला सातचा पाढा पुसायचा राहिला होता आणि तो बरोबर त्याच्या डोक्यामागे आला होता. मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे वर करून बसली होती. स्ट्राउड मात्र उभा होता, खिडकीशी, फरचा कोट न काढता.

ॲन्सलने शपथ घेतली. तो जाड झाला आहे, ओरिनला वाटले, किंवा त्याने कोणाचा तरी कोट घातला आहे.

"काय पाहिलंत?" सरकारी वकिलाने विचारले.

"ओरिन हस्केलला."

"नक्की?"

"देवाशपथ, नको होतं मला ते दिसायला."

फेंटन उठू लागला. ओरिनने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवले आणि स्वतः उभा राहिला. काय विचारायचे हे त्याने ठरवले नव्हते. त्याला फक्त ते चित्र दिसत होते, उतार, पाऊस, पिवळा कोट, इतके दिवस पाहिलेले. आणि आता ज्याच्या डोळ्यांतून ते आले होते तो माणूस आठ फुटांवर बसला होता. त्याने प्रथमच त्या चित्रात जवळ जायचा प्रयत्न केला. काळा घोडा. पांढरे तोंड. कोट. कोटाची टोपी. टोपीच्या आत.

"ॲन्सल, किती लांबून पाहिलंस?"

"अर्धा मैल. थोडं जास्तच."

"माझा चेहरा कसा होता?"

"म्हणजे?"

"दाढी होती?"

बाकांवर कुणीतरी हसले. ॲन्सल हसला नाही. खोलीत शेगडीतला कोळसा तडकला. "चेहरा," तो म्हणाला. मग पुन्हा, जसा माणूस अंधाऱ्या फडताळात हात घालून वस्तू चाचपडतो आणि ती तिथे नसते, "चेहरा कोण बघतं, ओरिन? बिशप होता. बिशप म्हणजे तूच की."

"तुम्ही चेहरा पाहिला नाहीत?" न्यायाधीश म्हणाला.

"साहेब, इथे कुणीच बघत नाही. एवढ्या लांबून घोडा कळतो. घोडा आला की माणूस आला." हे म्हणता म्हणता त्याचा आवाज खाली जात गेला आणि शेवटचा शब्द नीट ऐकूच आला नाही.

न्यायाधीशाने नाक पुसले. "शेरीफ, तुम्ही काय म्हटलं असतं, त्या जागी?"

टोबायस उठला. तो घाईत नव्हता. "मीसुद्धा ओरिनच म्हटलं असतं. शपथेवर म्हटलं असतं." तो बाकांकडे वळला. "तुम्ही रे?" दोघातिघांनी होकाराने माना डोलावल्या.

"मग घोड्यावर कोण होतं?" सरकारी वकील ओरिनकडे आला. ओरिनने सांगितले. तांबडा घोडा, ताटली, लाकडे, फडके. न्यायाधीश लिहून घेत होता आणि मध्येच लिहायचा थांबला.

"म्हणजे तुमचा घोडा चोरीला गेला," वकील म्हणाला.

"नाही."

"अनोळखी माणूस तुमच्या घरात शिरतो, तुमचं खातो, तुमच्या घोड्यावर तुमच्याच कोटात बसून एका माणसाला आयुष्यभर लुळा करतो, आणि तो चोर नाही?"

"गोळी त्याने घातली असेल तर त्याला जे म्हणायचं ते म्हणा. पकडा, मी मदत करतो, तांबड्याच्या मागच्या उजव्या खुराला भेग आहे, पाहिला तर ओळखीन. पण चोर नाही तो. घोडा परत आलाय. बाहेर बांधलाय."

"आणि दुकानात तुम्ही धमकी दिली होती, हेही नाही?"

"दिली होती. खुंट अजून तिथे आहे, आणि तो तिथे नको हे मी अजूनही म्हणतो. कुणाच्या पाठीत मी कधी काही घातलं नाही. मला गोळी घालायची असती तर मी समोरून गेलो असतो आणि बिग्जला आधी हाक मारली असती."

फेंटनने डोळे मिटून घेतले. खिडकीकडून स्ट्राउडचा आवाज आला, शांत, जवळजवळ मैत्रीचा. "निदान यापुढे तरी दाराला कुलूप लावाल, हस्केल?"

"माझ्याकडे कुलूप नाही."

"दुकानात मिळतं."

"तुम्ही घ्या."

आता हसू आले ते बाकांवरून, दबके, आणि न्यायाधीशाने ते थांबवले नाही. त्याने लिहिलेले कागद पुन्हा वाचायला घेतले. ओरिन उभाच होता. चौदा वर्षे, त्याने मनात मोजायचा प्रयत्न केला, आणि मोजता येईना. त्याऐवजी त्याला झरा दिसला, कडेचा बर्फ, खालून वाहणारे पाणी, आणि त्याच्या लक्षात आले की चित्र बदलले आहे, उतार गेला आहे. दोन्ही बाजूंना घोड्याचे कान होते आणि मध्ये पाणी. हे त्याचे स्वतःचे पाहणे होते. आता काहीही म्हणोत.

"माझ्यापुढे पुरावा आहे तो एका घोड्याविरुद्ध," व्हिटलॉक शेवटी म्हणाला. "घोड्याला कोठडीत पाठवण्याची सोय माझ्याकडे नाही. हस्केलना धरून ठेवण्यासारखं यात काही नाही. तुम्ही जाऊ शकता." मग, चष्मा पुसत, जणू स्वतःशीच, "या प्रांतात मला अजून बरंच शिकायचंय."

लोक उठले. कुणी ओरिनच्या पाठीवर थाप मारली नाही, आणि त्याने त्याची अपेक्षाही केली नव्हती. काहींच्या मनातून तो कधीच जाणार नव्हता, अर्ध्या मैलावरचा तो दुसरा. चेहऱ्याशिवायच्या माणसाला मरणही नसते. दाराशी स्ट्राउड बाजूला सरकला, पुरता सरकला नाही, आणि ओरिन कोटाला कोट घासून बाहेर पडला. खुंट उपटायला सोमवारी जायचे, त्याने ठरवले. दिवसाउजेडी, गावाला सांगून.

बाहेर बिशपजवळ ॲन्सल उभा होता. टोपी हातात, मान खाली, घोड्याच्या खुरांकडे बघत. ऊन पडले होते आणि त्याच्या टकलावरून वाफ निघत होती.

"मी काय करू, ओरिन?"

"वर बघ."

"तू मला शिव्या घाल. दोन ठेवून दे."

"वर बघ म्हटलं ना. इकडे. घोड्याकडे नाही."

ॲन्सलने मान वर केली. सुरुवातीला त्याची नजर ओरिनच्या कानाशी, खांद्याशी घुटमळली, जशी उन्हात डोळे धरत नाहीत. मग ती थांबली. ओरिन हलला नाही. त्याला राग होता, तो गेला नव्हता आणि तो घालवायची त्याला घाईही नव्हती. पण कुणीतरी आपला चेहरा तुकड्यातुकड्याने वाचतो आहे ही जाणीव इतकी नवी होती की गालाला खाज सुटल्यासारखे वाटले.

"तुझी डावी भुवई तुटलेली आहे," ॲन्सल शेवटी म्हणाला. "हे कधी झालं?"

"अठ्ठ्याहत्तर साली. टाके तूच घातलेस."

ॲन्सलच्या ओठांचे काहीतरी झाले. त्याचे डोळे करडे होते, किंचित हिरवे. ओरिनला हे ठाऊक नव्हते. एकोणीस वर्षांत त्यालाही ठाऊक नव्हते, आणि हे कळताच त्याचा राग कमी झाला नाही, पण त्या रागाला बसायला आणखी एक जागा मिळाली, ओरिन स्वतः. शाळेतून बाहेर पडणारे लोक थांबून बघू लागले होते. त्याने त्यांना बघू दिले.

"कोण आहे मी?" त्याने विचारले.

"ओरिन," ॲन्सल म्हणाला. भुवईवरून, नाकावरून, ताज्या दाढीवरून नजर फिरवत, हळूहळू, पाटीवरची अक्षरे लावणाऱ्या मुलासारखा. "ओरिन हस्केल."

"हं," तो म्हणाला. "आता घे शपथ."